पॅकेज मॅनेजरच्या नोंदी कामाला येतील अशा कशा ठेवाव्यात

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असताना, फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी, पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउसमधून मला फोन आला. पेट्यांवर लावायची लेबले छापणारा प्रिंटर शनिवारी संध्याकाळपर्यंत नीट चालत होता आणि आता संगणक त्याला ओळखतच नव्हता. मी नाशिकहून तिथे पोहोचेपर्यंत भरलेल्या पेट्या लेबलांविना शीतगृहाबाहेर थांबल्या होत्या, आणि तोडलेल्या द्राक्षांना थांबवून ठेवणे म्हणजे काय हे या भागात कोणाला सांगावे लागत नाही.

संगणकावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली होती. एपीटी हा तिचा पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजेस बसवणारे-काढणारे साधन; त्याची नोंदवही उघडताच रविवारची एक नोंद दिसली. सुरुवात सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी, चालवलेली कमांड ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’, म्हणजे कशालाच लागत नसलेली पॅकेजेस काढणारी, आणि ‘रिमूव्ह’ या शब्दापुढे काढलेल्या पॅकेजांची यादी. त्या यादीत आमच्या प्रिंटरचे ड्रायव्हर होते. ते पुन्हा बसवायला पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत. पण ही कमांड कोणी चालवली हे नोंदीत नव्हते, कारण तिथले तिघे जण रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, एकच पासवर्ड वापरत होते. आणि ती का चालवली हेही नव्हते, कारण ते लिहिण्याची सोयच कोणी केलेली नव्हती. आणखी मागे जाऊन पाहिल्यावर उलगडा झाला. महिनाभरापूर्वी कोणीतरी सर्व ड्रायव्हरांना एकत्र धरून ठेवणारे ‘प्रिंटर-ड्रायव्हर-ऑल’ हे पॅकेज काढले होते, त्यामुळे आमचे ड्रायव्हर एपीटीच्या लेखी निराधार झाले होते आणि ऑटोरिमूव्हने ते नियमाप्रमाणे काढून टाकले. ‘एपीटी-मार्क मॅन्युअल’ या कमांडने ते ‘मुद्दाम बसवलेले’ म्हणून नोंदवून ठेवले असते, तर हा प्रसंग आलाच नसता.

त्या दिवसापासून मी सांभाळत असलेल्या प्रत्येक संगणकावर, मग तो सातपूरच्या वर्कशॉपमधला असो वा एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला, नोंदींची घडी आधी बसवतो आणि मगच बाकीचे काम हाती घेतो. नोंदीने चार प्रश्नांची उत्तरे द्यायला हवीत: काय बदलले, केव्हा बदलले, कोणी बदलले आणि का बदलले. पहिल्याचे उत्तर पॅकेज मॅनेजर स्वतःहून चांगले देतात. दुसऱ्याचे उत्तर घड्याळ बरोबर असेल तर मिळते. तिसरे आणि चौथे मात्र आपण व्यवस्था लावल्याशिवाय मिळत नाही, आणि अडचणीच्या वेळी नेमकी तीच उत्तरे हवी असतात. पुढचे विवेचन मुख्यतः डेबियन आणि त्यावर बेतलेल्या उबुंटूसाठी आहे. कमांड आणि फाइलींची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. कीबोर्डवर ती रोमन लिपीत टाइप करावी.

आधी काय लिहिले जाते ते ओळखावे

एपीटी आणि डीपीकेजी ही दोन वेगळी साधने आहेत आणि त्यांच्या नोंदवह्याही वेगळ्या आहेत. एपीटी कोणती पॅकेजेस लागतील हे ठरवते आणि ती उतरवून आणते. प्रत्यक्ष बसवण्याचे काम डीपीकेजी करते. एपीटीची नोंद ‘/व्हार/लॉग/एपीटी’ या फोल्डरात ‘हिस्टरी.लॉग’ या फाइलीत असते. तिथे प्रत्येक व्यवहाराचा एक परिच्छेद असतो: सुरुवातीची वेळ, कमांड, ‘रिक्वेस्टेड-बाय’ म्हणजे कोणाच्या खात्यातून मागणी झाली ते, मग बसवलेली, अद्ययावत केलेली किंवा काढलेली पॅकेजेस जुन्या-नव्या आवृत्त्यांसह, आणि शेवटी समाप्तीची वेळ. एखादे पॅकेज केवळ दुसऱ्यासाठी आले असेल तर त्याच्या आवृत्तीपुढे ‘ऑटोमॅटिक’ असा शब्द असतो. हा शब्द वाचायची सवय लावून घ्यावी, कारण उद्या ऑटोरिमूव्ह कोणाला उचलेल याची सूचना त्यातच असते.

त्याच फोल्डरातल्या ‘टर्म.लॉग’मध्ये पडद्यावर उमटलेला मजकूर जसाच्या तसा असतो. सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली आहे, ती ठेवायची की नवी घ्यायची, असा प्रश्न अपडेटच्या वेळी विचारला गेला असेल तर तो तिथे सापडतो. डीपीकेजीची नोंद ‘/व्हार/लॉग/डीपीकेजी.लॉग’ या फाइलीत असते आणि ती सर्वांत बारीक असते. एका पॅकेजासाठी तिथे अनेक ओळी येतात, कारण ते ‘हाफ-इन्स्टॉल्ड’, ‘अनपॅक्ड’, ‘हाफ-कॉन्फिगर्ड’ आणि ‘इन्स्टॉल्ड’ अशा अवस्थांमधून जाते आणि प्रत्येक अवस्थेची वेळ लिहिली जाते.

या बारकाव्याचा उपयोग वीज गेल्यावर कळतो. अपडेट चालू असताना वीज गेली आणि यूपीएसने दगा दिला, तर हिस्टरी.लॉगमधल्या शेवटच्या परिच्छेदात सुरुवातीची वेळ असते पण समाप्तीची नसते. समाप्तीविना उरलेला परिच्छेद म्हणजे अर्धवट राहिलेला व्यवहार. मग डीपीकेजी.लॉगच्या शेवटच्या काही ओळी वाचाव्यात; ज्या पॅकेजाची शेवटची अवस्था ‘हाफ-कॉन्फिगर्ड’ आहे, तिथे काम थांबले. ‘डीपीकेजी --ऑडिट’ने खातरजमा करावी आणि ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ने राहिलेले काम पूर्ण करावे. नोंद न वाचता सगळे पुन्हा बसवत सुटणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात वेळ जातो आणि मूळ कारणाचा मागही पुसला जातो.

नोंदीत काय नसते, हे याहून महत्त्वाचे आहे. कोणी इंटरनेटवरून एखादी डेब फाइल (डेबियनच्या पॅकेजाची फाइल) उतरवून थेट ‘डीपीकेजी -आय’ने बसवली, तर ती डीपीकेजी.लॉगमध्ये दिसते, एपीटीच्या हिस्टरीत तिचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे एकच फाइल पाहून ‘त्या दिवशी काही झाले नाही’ असा निष्कर्ष काढू नये. पायथनच्या पिपने किंवा जावास्क्रिप्टच्या एनपीएमने आणलेल्या गोष्टी यांपैकी कुठेच नसतात. आणि एपीटीच्या हिस्टरीत पॅकेजाची आवृत्ती असते, पण ते कोणत्या भांडारातून, म्हणजे पॅकेजेस पुरवणाऱ्या कोणत्या साठ्यातून, आले हे लिहिलेले नसते. ही उणीव मला सर्वांत जास्त खटकते. ती कशी भरून काढायची ते पुढे सांगितले आहे.

वेळ

भाड्याने घेतलेले बहुतेक सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपले कार्यालयातले संगणक भारतीय वेळेवर. दोन्हींत साडेपाच तासांचे अंतर आहे. एपीटी आणि डीपीकेजी त्या-त्या संगणकाची स्थानिक वेळ लिहितात आणि ती कोणत्या कालपट्ट्याची (टाइमझोनची) आहे हे लिहीत नाहीत. त्यामुळे सर्व्हरच्या नोंदीत शुक्रवारी १९:१० असे दिसले, तर आपल्याकडे शनिवार उजाडलेला असतो, रात्रीचे १२ वाजून ४० मिनिटे झालेली असतात. दोन संगणकांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचताना हा फरक लक्षात राहत नाही आणि शुक्रवारी कामावर असलेल्या माणसावर विनाकारण संशय जातो.

सर्व संगणक एकाच पट्ट्यावर ठेवावेत. भारतीय वेळ हवी असेल तर ‘टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता’ ही कमांड पुरेशी आहे. कोणता पट्टा निवडला यापेक्षा सगळीकडे तोच आहे याला महत्त्व आहे. त्यानंतर घड्याळ बाहेरच्या प्रमाणवेळेशी जुळवून घ्यावे. भारताच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत कंपन्या, डेटा सेंटर, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्थांना एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेच्या सर्व्हरांशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरांशी, घड्याळे जुळवायला सांगितले आहे. एनआयसीचे सर्व्हर ‘समय१.एनआयसी.इन’ आणि ‘समय२.एनआयसी.इन’ या नावांनी उपलब्ध आहेत. सिस्टमडीची वेळसेवा वापरत असाल तर ‘/ईटीसी/सिस्टमडी/टाइमसिंकडी.कॉन्फ’ या फाइलीत ‘एनटीपी=’ या ओळीपुढे ही नावे लिहून सेवा पुन्हा सुरू करावी.

कोणी

एपीटी ‘रिक्वेस्टेड-बाय’ ही ओळ सुडोने, म्हणजे साध्या खात्याला रूटचे अधिकार वापरू देणाऱ्या कमांडने, मागे ठेवलेल्या खुणेवरून भरते. सुडो आपल्यासोबत मूळ वापरकर्त्याचा क्रमांक घेऊन येते आणि एपीटी तो वाचते. कोणी थेट रूट म्हणून आत आले तर वाचायला काहीच नसते आणि ती ओळ नोंदीत येतच नाही. म्हणून पहिले काम असे की, जितकी माणसे तितकी खाती उघडावीत, ज्यांना गरज आहे त्यांना सुडोचा अधिकार द्यावा आणि रूटचे थेट प्रवेश बंद करावेत. ‘आम्ही तिघेच तर आहोत, वेगळी खाती कशाला’ असे पॅकहाउसमध्ये मलाही ऐकावे लागले. मी त्यांना सांगितले की यात कोणावर नजर ठेवण्याचा हेतू नाही. ज्याने काम केले त्याला जाऊन विचारता यावे, एवढ्यासाठीच नाव हवे आहे. हे पटल्यावर त्यांनीच एका संध्याकाळी तिन्ही खाती तयार करून घेतली.

सगळ्याच नोंदी माणसांच्या नसतात, हेही ध्यानात ठेवावे. कमांडच्या जागी ‘अनअटेंडेड-अपग्रेड’ असेल तर ते संगणकाने आपोआप घेतलेले सुरक्षा अपडेट असते आणि तिथे मागणी करणाऱ्याचे नाव नसणे स्वाभाविक आहे. त्याची सविस्तर नोंद ‘/व्हार/लॉग/अनअटेंडेड-अपग्रेड्स’ या फोल्डरात वेगळी असते. ‘पॅकेजकिट’ असा शब्द दिसला तर कोणीतरी चित्रमय सॉफ्टवेअर केंद्रातून बटण दाबलेले असते. या दोन खुणा ओळखता आल्या की निम्म्या चौकश्या जागच्या जागी मिटतात.

का

बदलाचे कारण लिहून ठेवायला एपीटीच्या हिस्टरीत वेगळा रकाना मिळेलच असे धरून चालता येत नाही. पण एपीटी चालवलेली कमांड पर्यायांसकट टिपून ठेवते, आणि ‘-ओ’ हा पर्याय आपण ठरवलेले कोणतेही नाव आणि त्याची किंमत बिनतक्रार स्वीकारतो. या दोन गोष्टी एकत्र केल्या की काम होते. मी ‘सुडो एपीटी इन्स्टॉल’ असे लिहिल्यावर पॅकेजाच्या नावाआधी ‘-ओ नोंद::कारण="लेबल प्रिंटर, नवे मॉडेल"’ अशा धर्तीचा मजकूर, अर्थात रोमन लिपीत, लिहितो. ‘नोंद::कारण’ या नावाचे सेटिंग एपीटीत नाही, त्यामुळे बसवण्याच्या कामावर काही परिणाम होत नाही. फक्त हिस्टरीत कमांडच्या ओळीत ते कारण कायमचे उमटते. मजकूर आखूड ठेवावा, कारण लांबलचक कमांड नोंदीत शेवटी तुटू शकते.

इथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. हिस्टरी.लॉग ही फाइल त्या संगणकावरच्या कोणत्याही वापरकर्त्याला वाचता येते. ‘-ओ’ने प्रॉक्सीचा पत्ता देताना त्यात पासवर्ड लिहिला, तर तोही तिथे उघडा पडतो. पासवर्ड कमांडमध्ये कधीही लिहू नये; तो सेटिंगच्या फाइलीत ठेवून त्या फाइलीचे वाचनाधिकार मर्यादित करावेत.

कारणासाठी दुसरा आणि अधिक भक्कम मार्ग ‘ईटीसीकीपर’ हा आहे. जोई हेस यांनी लिहिलेले हे साधन ‘/ईटीसी’ हे संपूर्ण फोल्डर गिटसारख्या, बदलांचा इतिहास जपणाऱ्या भांडारात ठेवते आणि एपीटीला जोडून घेते. पॅकेज बसवण्याआधी सेटिंगच्या फाइलींत काही न नोंदवलेले बदल राहिले असतील तर ते आधी जमा होतात, आणि बसवून झाल्यावर पॅकेजाने केलेले बदल, आले-गेलेल्या पॅकेजांच्या यादीसह, पुन्हा जमा होतात. त्यामुळे माणसाने केलेला बदल आणि पॅकेजाने केलेला बदल एकमेकांत मिसळत नाहीत. माणसाने हाताने बदल केल्यावर ‘ईटीसीकीपर कमिट’ लिहून पुढे अवतरणात कारण द्यावे. एक-दोन वाक्ये पुरतात, पण ती कामाची हवीत. ‘अपडेट केले’ हे कारण नव्हे. ‘बिलिंगचे सॉफ्टवेअर सोमवारपासून नव्या आवृत्तीशिवाय चालणार नाही, म्हणून डेटाबेस बदलला, जुनी आवृत्ती अमुक होती’ हे कारण झाले.

आले कुठून

भांडाराची उणीव भरून काढायला एपीटीतच एक जागा आहे. ‘/ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी’ या फोल्डरात ठेवलेल्या फाइलीत ‘डीपीकेजी::प्री-इन्स्टॉल-पीकेजीएस’ या नावाखाली एखादी स्क्रिप्ट नेमता येते. पॅकेजेस बसवण्यापूर्वी एपीटी ती स्क्रिप्ट चालवते आणि बसणार असलेल्या डेब फाइलींचे पत्ते, एका ओळीत एक, तिच्याकडे पाठवते. स्क्रिप्टने प्रत्येक फाइलीचा ‘एसएचए२५६’ ठसा, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, काढावा आणि तारीख, वेळ, फाइलीचे नाव व ठसा अशी ओळ आपल्या वेगळ्या नोंदवहीत जोडावी. शिवाय त्याच क्षणी ‘एपीटी पॉलिसी’चे उत्तर साठवून ठेवले तर तेव्हा कोणती भांडारे जोडलेली होती हेही कळते. पुढे शंका आली तर भांडाराच्या सूचीतल्या ठशाशी हा ठसा ताडून पाहता येतो.

ही स्क्रिप्ट जपून लिहावी. ती अपयशी ठरली तर एपीटी सगळे कामच थांबवते. नोंद लिहिताना डिस्क भरली म्हणून सुरक्षा अपडेट अडून राहिले, असे होता कामा नये. म्हणून माझ्या स्क्रिप्टची शेवटची ओळ नेहमी यशाचा शून्य परत करणारी असते. याच्या उलट विचार करणारेही आहेत, की नोंद होत नसेल तर बदलही होऊ नये. बँकेच्या सर्व्हरवर तो विचार मला मान्य आहे. पॅकहाउसच्या संगणकावर नाही.

किती दिवस आणि कुठे

डेबियन आणि उबुंटूवर या नोंदी लॉगरोटेट हे साधन दर महिन्याला फिरवते, म्हणजे जुनी फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करते, आणि बारा जुन्या फाइली दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवते, म्हणजे साधारण वर्षभराचा मागोवा मिळतो. सर्ट-इनच्या वर उल्लेखलेल्या निर्देशांत नोंदी १८० दिवस, भारताच्या हद्दीत, सुरक्षित ठेवायला सांगितले आहे. त्यामुळे मूळ मांडणी तिथे पुरते. तरीही मी बाराचे छत्तीस करतो. या फाइली साध्या मजकुराच्या असतात, दाबल्यावर जागा नगण्य लागते, आणि आमच्याकडच्या हंगामी कामांत मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीत काय बसवले होते हा प्रश्न यंदाच्या मार्चमध्येही येतो. ‘/ईटीसी/लॉगरोटेट.डी/एपीटी’ या फाइलीत टर्म आणि हिस्टरी यांचे दोन वेगळे भाग आहेत. आकडा दोन्हीकडे बदलावा, आणि डीपीकेजीच्या फाइलीत तिसऱ्यांदा. दाबलेल्या फाइली उलगडून बसण्याची गरज नाही, ‘झेडग्रेप’ आणि ‘झेडलेस’ त्या थेट वाचतात.

ज्या संगणकाविषयी चौकशी करायची, त्याच संगणकावर एकमेव नोंद असणे धोक्याचे आहे. डिस्क गेली तर नोंदही जाते, आणि आत शिरलेला माणूस रूट झाला तर तो ती पुसू शकतो. आरसिसलॉग या नोंदी गोळा करणाऱ्या सेवेच्या ‘आयएमफाइल’ या भागाने हिस्टरी आणि डीपीकेजीच्या फाइलींतल्या नव्या ओळी दुसऱ्या संगणकाकडे पाठवता येतात. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. अंबडच्या एका कारखान्यात मी बाजूला काढलेला जुना डेस्कटॉप या कामाला लावला आहे. काही जण फाइलीला ‘सीएचअ‍ॅटर +ए’ लावून फक्त शेवटी भर घालता येईल असे करतात. कल्पना चांगली आहे, पण मग लॉगरोटेटला फाइलीचे नाव बदलता येत नाही आणि फिरवण्याचे काम अडते, म्हणून ती खूण लॉगरोटेटच्या आधी काढण्याची आणि नंतर लावण्याची व्यवस्था करावी लागते. टर्म.लॉग मुळात रूट आणि ‘एडीएम’ गटालाच वाचता येते. दुसरीकडे पाठवताना हा निर्बंध तिथेही पाळावा.

इतर पॅकेज मॅनेजर

फेडोरा आणि तत्सम प्रणालींवरचे डीएनएफ या बाबतीत एपीटीच्या पुढे आहे. ते प्रत्येक व्यवहाराला क्रमांक देऊन डेटाबेसमध्ये ठेवते. ‘डीएनएफ हिस्टरी’ने यादी, ‘हिस्टरी इन्फो’ आणि क्रमांक दिल्यावर तपशील, आणि ‘हिस्टरी अनडू’ने तो व्यवहार उलटवण्याचा प्रयत्न करता येतो. पॅकेज कोणत्या भांडारातून आले तेही तिथे दिसते, वापरकर्ता मूळ लॉगिनवरून ओळखला जातो, आणि कारणासाठी ‘--कॉमेंट’ हा पर्याय आयताच आहे. तो असूनही फार थोडे लोक वापरतात, याची मला खरोखर हळहळ वाटते.

आर्चचे पॅकमन ‘/व्हार/लॉग/पॅकमन.लॉग’मध्ये लिहिते आणि वेळेसोबत पट्ट्याचा फरकही देते. स्नॅपमध्ये ‘स्नॅप चेंजेस’ने अलीकडचे बदल दिसतात, पण जुने ते स्वतःच काढून टाकते, तेव्हा त्यावर विसंबू नये. फ्लॅटपॅकसाठी ‘फ्लॅटपॅक हिस्टरी’ आहे. एनपीएम आपल्या लपलेल्या फोल्डरात मुळात फक्त शेवटच्या दहा वेळांचे लॉग ठेवते. पिप तर ‘--लॉग’ हा पर्याय दिल्याशिवाय फाइलीत काही लिहीतच नाही. तिथे आवृत्त्यांची यादी गिटमध्ये ठेवणे हीच खरी नोंद.

नोंद विचारून पाहावी

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या दाबणीच्या साधनात मुद्दाम पेरलेले चोरदार (बॅकडोअर, म्हणजे छुपा प्रवेशमार्ग) जगासमोर आणले. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात शिरण्याच्या साधनाने, प्रवेश करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा त्यांनी माग काढला होता. दूषित आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१ या होत्या. डेबियनच्या स्थिर शाखेत त्या पोहोचल्या नव्हत्या. टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांत मात्र त्या येऊन गेल्या होत्या. महाविद्यालयाच्या ज्या प्रयोगशाळेची देखभाल मी करतो, तिथे विद्यार्थ्यांच्या प्रयोगांसाठी अनस्टेबलवर चालणारा एक संगणक होता. आज त्याच्यावर कोणती आवृत्ती आहे, हा प्रश्न तेव्हा पुरेसा नव्हता. मधल्या काळात दूषित आवृत्ती येऊन गेली होती का, आणि गेली असेल तर किती दिवस राहिली, हे हवे होते, आणि ते फक्त नोंदच सांगू शकत होती.

मी डीपीकेजीच्या सर्व फाइलींत, जुन्या दाबलेल्यांसकट, ‘लिबएलझेडएमए५’ हे एक्सझेडच्या पॅकेजाचे नाव ‘झेडग्रेप’ने शोधले. शेवटच्या ओळीत ‘अपग्रेड’ या शब्दापुढे जुनी आवृत्ती ५.६.१-१ आणि नवी ‘५.६.१+रिअली५.४.५-१’ अशी होती. इथे घाईने वाचणारा फसतो. पॅकेज मॅनेजरच्या दृष्टीने आवृत्ती पुढेच जायला हवी, म्हणून डेबियनने जुन्या, निर्दोष ५.४.५ला हे लांब नाव देऊन पाठवले होते. नुसते ‘५.६.१’ शोधले तर दूषित आणि दुरुस्त अशा दोन्ही ओळी सापडतात आणि संगणक अजून बाधित आहे असे वाटते. दूषित आवृत्ती पहिल्यांदा आणणाऱ्या ‘अपग्रेड’ ओळीची तारीख आणि या ओळीची तारीख यांतले अंतर म्हणजे बाधेचा काळ. तो कळल्यावर आम्ही त्या संगणकावरच्या चाव्या बदलल्या आणि तो नव्याने उभा केला. सगळी चौकशी पंधरा मिनिटांत झाली, कारण फाइली होत्या, घड्याळ बरोबर होते आणि कुठे पाहायचे हे ठाऊक होते.

असा प्रसंग येण्याची वाट पाहू नये. महिन्यातून एकदा कोणतेही एक पॅकेज निवडावे आणि स्वतःला विचारावे: याची मागची आवृत्ती कोणती, ती केव्हा बदलली, कोणी, का? मागची आवृत्ती परत हवी असेल तर ती कुठे मिळेल? डेबियनसाठी ‘स्नॅपशॉट.डेबियन.ऑर्ग’ वर जुन्या आवृत्त्या तारखेनुसार जपलेल्या आहेत, आणि नोंदीतला नेमका आवृत्तीक्रमांक हातात असला की तिथे शोधणे सोपे जाते. उत्तराला जिथे अडखळायला होईल, तिथे वरच्यांपैकी कोणती तरी घडी बसलेली नाही असे समजून ती त्याच दिवशी बसवावी.

पॅकहाउसमधल्या संगणकावर यंदा हंगामाआधी मी हीच तपासणी केली. प्रिंटरच्या ड्रायव्हरची शेवटची नोंद जानेवारीतली होती, ‘रिक्वेस्टेड-बाय’पुढे तिघांपैकी लेबलांचे काम पाहणाऱ्या मुलीचे खाते होते, आणि कमांडच्या ओळीत तिने रोमन अक्षरांत लिहिलेले मराठी कारण होते: नवीन प्रिंटर आला, जुना सुटा ठेवला आहे, ड्रायव्हर काढू नये.